पाटलाचा नारू

चिंचखांबच्या शाळेत नवी शिक्षणपद्धती आली त्याच वर्षी मंगलाबाई आल्या, आणि गावाला दोन्ही गोष्टी सारख्याच जड गेल्या. मुंबईत काँग्रेसचं नवं मंत्रिमंडळ बसलं होतं आणि त्याने ठरवलं होतं की पोरांनी आता नुसते पाढे घोकायचे नाहीत. हाताने काम करायचं, गावाच्या उपयोगी पडायचं, आणि त्या कामातूनच गणित, भूगोल, आरोग्य सगळं शिकायचं. ज्या थोड्या शाळा यासाठी निवडल्या त्यात चिंचखांबचा नंबर लागला. "गटारंच उपसायची तर पोरगं शाळेत कशाला धाडू? घरी गोठा हाय की," असं लोक तोंडावर विचारू लागले. त्यात मुलांना शिकवायला बाईमाणूस, तेही विधवा, तेही शहरातलं. पारावर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता.

हेडमास्तर पुंजाराम तेवढे हरखून गेले होते. भला, हौशी माणूस. गावाचं काही चांगलं व्हायचं म्हटलं की त्यांच्या अंगात वारं संचारायचं. त्यांना एकच कोडं पडलं होतं. नाशिकात, गोदेकाठच्या मुलींच्या शाळेत ही बाई सुखाने शिकवत होती. नाशिक रोडची बदली मिळत होती. तिथे नोटा छापायच्या सरकारी प्रेसमधल्या नोकरदारांची पोरं, दिवे, आगगाडी. ते सगळं सोडून हिने अर्जांवर अर्ज करून सिन्नरच्या वाटेवरचं हे धुळीचं गाव का मागून घ्यावं? एकदा त्यांनी विचारलंच. "गावाची सेवा करायची आहे," बाई म्हणाल्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्या मनात सेवा नखभरही नव्हती. त्या खंडेराव पाटलावर सूड उगवायला आल्या होत्या.

कारण मंगलाबाई म्हणजे चिंचखांबचीच झुंबर, चिमणाबाई माळणीची एकुलती एक लेक. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला, नाशिकच्या मावशीने पदराखाली घेतलं, फायनल पास करवून पुण्याला ट्रेनिंगला धाडलं, आणि एवढ्या उलथापालथीत गाव झुंबरला साफ विसरून गेलं. झुंबर गावातलं काहीच विसरली नव्हती.

चिंचखांबला पाणी एकाच बारवेचं. खंडेरावाच्या आजोबाने बांधलेली, देखणी, तळापर्यंत दगडी पायऱ्यांची बारव. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माणसं गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरत, आणि त्याच पाण्यात नारू होता. ते पाणी प्यालं की वर्षभराने पायाला फोड यायचा, फोड फुटून त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. आग इतकी व्हायची की माणूस पाय गार पाण्यात बुडवायला धावायचा. आणि पाय बुडाला की किडा आपली पिल्लं पाण्यात सोडून मोकळा. हे सगळं आता दवाखान्यातले डॉक्टर सांगतात. तेव्हा कुणाला माहीत होतं?

त्या वर्षी घरटी एक माणूस नारूने लंगडत होता. बारवेचं पाणी नासलंय अशी कुजबुज सुरू झाली. पाटलाच्या आजोबाची बारव, आणि नासलेली! खंडेराव तेव्हा नवा पाटील, तरणाबांड, नाकावर माशी बसू न देणारा. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आखाजीला घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि चिंचखांबात पहिली घागर भरून देवळात न्यायचा मान पाटलाचा. अनवाणी, धोतर गुडघ्यावर खोचून, पाण्यात उभं राहूनच ती भरायची, अशी रीत. खंडेराव पहिली घागर खांद्यावर घेऊन वर आला, आणि पायाला चिंधी बांधलेली चिमणाबाई आपली घागर घेऊन खाली निघाली, तेव्हा त्याने भर गर्दीत तिला अडवलं. "बारव चांगली हाय," तो ओरडला, "या रांडमुंडीचं पाप पायातून भायेर पडतंय, त्यानं पानी बाटलंय. हिनं बारवेवर पाय ठेवायचा नाय." गावाला दोष ठेवायला कुणीतरी हवंच होतं. विधवा सापडली. कोणी तोंड उघडलं नाही.

चिमणाबाई त्या पायाने लांबच्या ओढ्यावर जाऊ लागली. एक दिवस भरली घागर घेऊन उतारावर पडली आणि निम्मा बाहेर आलेला नारू तुटला. नारू तुटला की उरलेला आत सडतो. पाय मांडीपर्यंत काळानिळा झाला आणि ती तापात बडबडत गेली. झुंबर उशाशी बसून होती.

हे मनात घेऊन मंगलाबाई चिंचखांबला आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी ठरवलं की शाळेचं पहिलं गावकाम म्हणजे नारू. पुंजाराम मास्तरांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. येवल्याकडचा इब्राहिम मोमीन विणकाम शिकवायला नेमला होता, गोड बोलणारा, पोरांवर कधी हात न उगारणारा. पोरांनी टकळीवर सूत काढलं, इब्राहिमचाचांनी मागावर बसवून दाट वीण शिकवली, आणि त्या कापडाची गाळणी करून पोरं घरोघर हिंडली. "आजी, पानी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं. किडा फडक्यात ऱ्हातो." म्हाताऱ्या हसत, हाकलून देत, पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बाईंनी त्यांना पक्कं घोकून घेतलं होतं: नारू म्हणजे पाप नाही, देवीचा कोप नाही, पाण्यातला किडा आहे. ज्याला नारू आहे त्याने बारवेत उतरायचं नाही. त्याची घागर पोरांनी भरून द्यायची. शनिवारी गावातलं एखादं माणूस वर्गात येऊन बसे आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते पोरांना सांगे. कधी कुंभार, कधी सुईण अक्काबाई. हळूहळू गावाला याची गोडी लागली. आपल्यालाही कोणी गुरुजी म्हणतंय, हे कुणाला आवडणार नाही?

या सगळ्यात एक पोरगी बाईंच्या सावलीसारखी मागे. भागी. टकळीवर तिचा हात सगळ्यांत सफाईचा, प्रश्न सगळ्यांत जास्त, आणि नारूवाल्या म्हाताऱ्यांची घागर भरायला पहिली ती धावणार. ती खंडेराव पाटलाची नात. मुलगा नि सून दोघं गेल्यावर पाटलाचा सगळा जीव या पोरीत उरला होता. तो आता म्हातारा झाला होता, नजर मंदावली होती. संध्याकाळी तिचा हात धरून देवळात जायचा, आणि वाटेत ती शाळेत शिकलेलं त्याला शिकवायची. पाटील मान डोलवायचा. बाईंनी पहिल्या दिवशी तिचं नाव ऐकलं तेव्हा त्यांना तिचा चेहरा बघवला नव्हता. पुढे पुढे ती आवडू लागली, आणि त्याचा त्यांना स्वतःचाच राग येई.

चैत्र संपत आला होता, सकाळची शाळा सुरू झाली होती. एक दिवस टकळी फिरवता फिरवता भागीने विचारलं, "बाई, फोड फुटायच्या आधी लय आग होती का?"

"होते."

"मानूस राती कन्हतं का?"

"कोण कण्हतंय?"

"कुनी नाय," भागी म्हणाली आणि खाली बघून सूत काढू लागली.

पाटील गेले काही दिवस लंगडत होता. घोड्यावरून उतरताना पाय मुरगळला, असं त्याने गावभर सांगितलं होतं, आणि घोट्याला जाड पट्टी बांधली होती. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटलाला नारू! नारू म्हणजे पाप असं ज्याने भर बारवेवर सांगितलं, त्याच्याच पायात नारू, आणि आखाजी तोंडावर आलेली. मान सोडायचा तर कारण सांगावं लागणार; मान घ्यायचा तर पट्टी सोडून पाय उघडा करावा लागणार. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी वर्गाला मधली सुट्टी लवकर दिली.

खरं तर त्यांनी त्याच दिवशी पाटलाकडे जायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा फोड असता तर गेल्याही असत्या. त्यांनी तसं केलं नाही. म्हाताऱ्याला कण्हू दिलं, आणि आखाजीला बारवेवर पोरांचा पहारा ठेवायचं ठरवलं. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा पाय पोरांनी बघायचा, फोड असेल त्याला थांबवायचं. मास्तर म्हणाले, वा! पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर कोणाला उभं करायचं ते बाईंनी स्वतः ठरवलं. तिथे त्यांनी भागीला उभं केलं. पोरीचा चेहरा पांढरा पडलेला त्यांनी पाहिला, आणि तरीही केलं.

आखाजीच्या सकाळी सारं गाव बारवेभोवती गोळा झालं. हलगी वाजत होती. खंडेराव पाटील नवं धोतर नेसून, खांद्यावर घागर घेऊन आला. पट्टी सोडलेली होती. घोट्यावर हळद आणि राखेचा जाड लेप थापला होता. एकेक पायरी दातओठ खात उतरत होता. वरच्या पोरांची त्याला अडवायची छाती झाली नाही, आणि बाईंची तशी अपेक्षाही नव्हती. त्या काठावर उभ्या होत्या, जिथे एकेकाळी त्यांची आई उभी होती. आता थांबेल. आता सगळ्यांसमोर थांबेल. आता कोणीतरी म्हणेल, पाटलाच्या पायातून पाप बाहेर पडतंय. कोणी नाही म्हणालं तर मी म्हणेन.

"आबा," भागी म्हणाली. ती जागची हलली नाही. "पाय दावा."

"सरक पोरी."

"नाय आबा. तुमाला नारू हाय. तुमी पान्यात उतरायचं नाय."

हलगी थांबली. पाटलाने वर बघितलं, सगळ्या गावाकडे. आणि गावाने काय करावं? काहीच नाही. कोणी हसलं नाही, कोणी बोट दाखवलं नाही. वर्षभर त्यांच्याच पोरांनी दारोदार सांगितलं होतं की नारू म्हणजे पाप नाही, किडा आहे, आणि गावाने ते खरं मानलं होतं. अक्काबाई सुईण तर चक्क म्हणाली, "आरं बसवा त्यांना, किती आग व्हत आसंल." दोन पोरांनी पाटलाला पायरीवर बसवलं. भागीने त्याच्या खांद्यावरची घागर घेतली, भरली, आणि पाणी न सांडता वर आणली. देवळात ती पहिली घागर पोरीच्या हाताने गेली, आणि परतताना माणसं बोलत होती, "पाटील मोठ्या मनाचा. पोरीसाठी मान सोडला. आसा मानूस नाय भेटायचा."

मंगलाबाईंच्या तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं जपलेला सूड, आणि त्यातून पाटील आणखी उंच होऊन बाहेर आला! आपणच शिकवलेल्या शहाणपणाने आपल्याला लुबाडलं, या विचाराने त्यांना रात्री जेवण सुचलं नाही. पाटलाच्या पायातून पाप बाहेर पडतंय, हे वाक्य त्यांना उच्चारता आलं नव्हतं; नारू म्हणजे पाप नाही, हे पोरांकडून त्यांनीच घोकून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम मास्तर नाचतच आले. "बाई, पाटलांचा फोड फुटला. गावचा नारू काढणारा न्हावी मुंबईला गिरणीत गेलाय आणि त्याचा पोरगा धसमुसळा आहे. नारू काढायला तुम्ही नाशिकच्या दवाखान्यात शिकला आहात ना? रोज जा. दोन-चार पोरं सोबत न्या, त्यांचाही धडा होईल." बाई म्हणाल्या, "जाते." आणि त्यांना अचानक भूक लागली.

नारू काढायचं काम असं असतं. ओल्या फडक्याने जखम शेकायची, किड्याचं टोक बारीक काडीला लावायचं, आणि तो सुटेल तेवढाच हळूहळू गुंडाळायचा. अडला की थांबायचं, काडी पायाला बांधून ठेवायची, उद्या पुन्हा. एक झटका बसला की तुटला. पाटील वाड्याच्या ओसरीवर पाय लांब करून बसे, भागी फडकं धरी, बाकीची पोरं मान लांब करून बघत. पहिल्या दिवशी पाटील म्हणाला, "तुमचा हात हलका हाय, बाई."

दुसऱ्या दिवशी भागी ऊन पाणी आणायला आत गेली आणि पोरं तिच्यामागे गेली, तेव्हा बाई काडीवरची नजर न उचलता बोलल्या.

"माझ्या आईचा नारू तुटला होता. त्यात ती गेली."

"आरारा. कुठल्या गावी?"

"याच गावी. चिमणाबाई माळीण. मी झुंबर, पाटील."

म्हाताऱ्याचे डोळे बाईंच्या तोंडावरून त्यांच्या बोटांवर आले आणि तिथेच खिळले. बाईंनी काडीला अर्धा वेढा दिला. पाटलाने दोन्ही हातांनी सतरंजी गच्च धरली. तेवढ्यात भागी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, एवढं काय भेता? बाईंच्या हातनं तुटायचा नाय."

त्या दिवसापासून मंगलाबाईंना सकाळची वाट बघायची सवय लागली. किडा जेवढा सुटे त्याच्या निम्माच त्या गुंडाळत. जे काम लवकर आटोपलं असतं ते त्यांनी लांबवलं. रोज काडी हातात घेतली की पाटलाच्या कपाळावर घाम फुटे, आणि तो घाम बघायला त्यांना मनापासून आवडे. कधीकधी त्या मुद्दाम मध्येच थांबत, काडी बोटांत धरून पोरांना काहीतरी समजावत बसत. पाटील कोणाला काही सांगू शकत नव्हता. सांगितलं तर का ते सांगावं लागलं असतं. त्याची भूक गेली, गालफडं बसली. गाव म्हणे, नारूने खंगला. भागी त्याच्या तोंडात घास घाली.

शेवटी एका सकाळी, पोरं अंगणात फडकी पिळत असताना, पाटील हलक्या आवाजात म्हणाला, "झुंबरे, काय ते एकदा कर. ओढ. मला ठावं हाय तू त्याचसाठी आलीस. फकस्त पोरीला भायेर धाड. तिच्या म्होरं नको."

बाईंची बोटं थांबली. खरंच ओढता आलं असतं. ओढावं असं किती वेळा वाटलं होतं! पण म्हातारा मरायला तयार होता, आणि जो तयार आहे त्याला मारण्यात काय मिळवलं? त्याला कशाची भीती आहे ते त्याने आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"मी ओढणार नाही," बाई म्हणाल्या. "पूर्ण काढणार. तुम्ही चांगले चालते व्हाल. आणि शनिवारी शाळेत याल. गावातली माणसं येऊन आपापलं सांगतात, तसं तुम्ही सांगायचं. माझ्या आईला बारवेवरून कोणी हाकललं, का हाकललं, पुढे काय झालं. भागीसमोर."

पाटलाचा चेहरा असा झाला की एखाद्याला दया यावी. बाईंना आली नाही.

"त्यापरीस ओढ," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या. ओढ."

"तुम्ही नाही आलात तर मीच सांगेन. मग पोरीला ते माझ्या शब्दांत ऐकावं लागेल. माझे शब्द कसे असतील ते तुम्ही ओळखा." बाईंनी सुटेल तेवढा सगळा किडा गुंडाळला, काडी नीट बांधली आणि भागीला हाक मारली.

नारू त्याच आठवड्यात पुरता बाहेर आला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी पाटील भागीचा हात धरून शाळेत आला. पुंजाराम मास्तरांनी त्याच्यासाठी खुर्ची मांडली होती. तो पोरांच्या तरटावर बसला. पोरांच्या हातात टकळ्या होत्या. मास्तरांना वाटलं, पाटील बारव कशी बांधली ते सांगणार. इब्राहिमचाचाही माग सोडून ऐकायला आले.

पाटलाने सांगितलं. फार शब्द नव्हते त्याच्याकडे, पण लपवलंही काही नाही. चिमणाबाई माळीण होती. तिला नारू होता, जसा मला झाला. बारवेला लोक नावं ठेवत होते. आजोबाची बारव. कोणावर तरी घालायचं होतं, तिच्यावर घातलं. पाप म्हणलो. ओढ्यावर जाताना ती पडली, मेली. पुंजाराम मास्तरांची टोपी हातात आली होती.

बाईंना वाटलं झालं, एवढंच. पण म्हातारा थांबेना.

"ती तापात व्हती तवा तिची पोर पानी मागत फिरली," तो म्हणाला. "तांब्या घेऊन. मी दवंडी दिली व्हती, कुनी द्यायचं नाय. तरी ती माझ्या दाराशी आली. लय वेळ कडी वाजवली. मी आत व्हतो. दार उघडलं नाय."

त्या दाराच्या आत कोण होतं ते मंगलाबाईंना इतकी वर्षं माहीत नव्हतं. घरी कोणी नसेल, असंच त्या समजत आल्या होत्या.

"आबा," भागीने विचारलं, "ती पोर केवढी व्हती?"

"तुझ्याएवढी," पाटील म्हणाला.

मग तो उठला आणि सवयीने हात पुढे केला. भागी उठली नाही. हात बराच वेळ तसाच राहिला. शेवटी इब्राहिमचाचांनी तो धरला आणि म्हाताऱ्याला दाराबाहेर नेलं. पायरी उतरताना पाटील चाचपडला, एकदा मागे वळला, आणि पुढे गेला.

मंगलाबाईंनी त्याला रस्त्याच्या वळणापर्यंत जाताना पाहिलं. हेच हवं होतं. एकटा, वाकलेला, स्वतःच्या रक्ताने नाकारलेला. त्यांना आनंद झाला, अगदी पोटभर झाला, आणि त्यांनी तो लपवलाही नाही. आईच्या नावाने त्यांनी मनात हात जोडले. मग फळ्याकडे वळल्या.

भागी त्यांच्याकडे बघत होती. टकळी तिच्या मांडीवर पडली होती आणि सूत तुटलं होतं.

"बाई, ती पोर तुमी हाय ना?"

बाईंनी मानेनेच हो म्हटलं.

"मंजी आबांनी काय केलं ते तुमाला आधीपासनं ठावं व्हतं."

"हो."

"आन आबांना नारू झालाय, ते बी?"

"हो, भागी."

पोरीने थोडा विचार केला. ती नेहमी तसाच विचार करायची, ओठ दातांत धरून, उत्तर सापडेपर्यंत.

"मग बारवेवर शेवटच्या पायरीला मलाच का उभं केलं?"

पुंजाराम मास्तर बाईंकडे बघू लागले. सगळी पोरं बघू लागली. वर्षभर मंगलाबाईंनी या पोरीचा एकही प्रश्न उत्तराशिवाय सोडला नव्हता, आणि आताही ती तशीच, हात मांडीवर ठेवून, उत्तराची वाट बघत बसली होती.